विकत, भाड्याने, फुकट आणि मुक्त : कच्च्या छायाचित्रांच्या संस्करणाचा इतिहास

डिजिटल कॅमेऱ्याशी थोडीफार सलगी झालेल्या प्रत्येक हौशी छायाचित्रकारापुढे एक प्रश्न केव्हातरी येऊन उभा राहतो. कॅमेरा ज्याला 'रॉ' म्हणतो, त्या कच्च्या स्वरूपातील छायाचित्रांवर संस्कार करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे? पैसे मोजून घ्यावे, की फुकट मिळते त्यावर भागवावे? जाणकारांना विचारले तर उत्तरादाखल बहुधा सुविधांची तुलना मिळते : सावल्यांतील तपशील कुणात अधिक खुलतो, रात्रीच्या चित्रांतील रवाळपणा कोण चांगला घालवतो, कुणाचा वेग किती. अशी तुलना उपयोगाची असते यात शंका नाही. मात्र तिचे आयुष्य जेमतेम पुढच्या आवृत्तीपर्यंतचे असते. या क्षेत्राला आता पाव शतकाहून अधिक इतिहास आहे आणि तो इतिहास या प्रश्नाचे अधिक टिकाऊ उत्तर देतो, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच धांडोळा घेण्याचा विचार आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन'ची स्थापना केली. तेव्हापासून या चळवळीला एक खुलासा सतत करावा लागला आहे : आमच्या 'फ्री'चा अर्थ स्वातंत्र्य असा आहे, किंमत नसणे असा नव्हे. इंग्रजीला दोन्ही अर्थांसाठी एकच शब्द पुरवावा लागतो. मराठीत ही अडचण नाही. 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. तीच गोष्ट सशुल्क सॉफ्टवेअरची. 'विकत घेणे' आणि 'भाड्याने घेणे' यांतला फरक तर घरमालकाशी व्यवहार केलेल्या कुणालाही ठाऊक असतो. 'सशुल्क की नि:शुल्क' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. प्रत्यक्षात पर्याय चार आहेत : विकत, भाड्याने, फुकट आणि मुक्त. हे चारही प्रकार इतिहासात एकामागून एक आले, एकमेकांत मिसळले आणि काही वेळा एकाचे रूपांतर दुसऱ्यात झाले.

कच्चे छायाचित्र म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाही. त्याला कळते ती केवळ प्रकाशाची मात्रा. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांनी यावर एक उपाय शोधला आणि १९७६ साली त्याचे पेटंट मंजूर झाले. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक सूक्ष्म काच बसवायची. दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा. माणसाचा डोळा हिरव्या छटांतील बारकावे अधिक टिपतो, म्हणून हिरव्याला दुहेरी वाटा. आजही बहुसंख्य डिजिटल कॅमेरे याच मांडणीवर चालतात. याचा अर्थ असा की प्रत्येक बिंदूपाशी तीनपैकी एकच रंग खरोखर मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अदमासाने भरून काढावे लागतात.

हा अदमास कॅमेऱ्यातच बांधून टाकला आणि त्याला जेपेगचे रूप दिले, की प्रत्येक रंगाच्या वाट्याला २५६ पायऱ्या येतात. कच्च्या फाइलमध्ये मात्र मोजमाप जसेच्या तसे राहते : १२ बिटांच्या कॅमेऱ्यात ४,०९६ पायऱ्या, १४ बिटांच्या कॅमेऱ्यात १६,३८४. कमी-जास्त झालेला प्रकाश सावरणे, पिवळ्या दिव्याखालचे रंग ताळ्यावर आणणे, हे सारे कच्च्या फाइलवर अधिक चांगले साधते ते याच कारणाने.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात आणि पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ त्यांत आहे. पहिली ही, की कच्ची फाइल हे छायाचित्र नव्हे. ती मोजमापांची वही आहे. तिचे वाचन करणारी आज्ञावली असेल तरच चित्र दिसते आणि दोन आज्ञावल्या एकाच वहीचे दोन निराळे वाचन करतात. दुसरी ही, की आपण केलेले संस्कार या फाइलमध्ये उतरत नाहीत. 'उजेड इतका वाढव, ही कड इतकी छाट' अशा सूचनांच्या रूपाने ते बाजूला लिहिले जातात. मूळ फाइल अबाधित राहते, हा मोठाच लाभ. परंतु त्या सूचनांची भाषा ज्या त्या सॉफ्टवेअरची खासगी भाषा असते. फिल्मच्या काळात निगेटिव्ह कोणत्याही कंपनीच्या एन्लार्जरमध्ये घालता येत असे. येथे निगेटिव्हला वाचक लागतो आणि तो वाचक कुणाच्या तरी मालकीचा असू शकतो.

एका फाइलची आज्ञावली

आरंभीच्या काळात हा वाचक कॅमेरा बनवणारी कंपनीच देत असे. त्यांतही तऱ्हा होत्या. कॅननने आपले सॉफ्टवेअर कॅमेऱ्याबरोबर दिले. निकॉनने मात्र 'निकॉन कॅप्चर'साठी अनेक वर्षे निराळे पैसे घेतले आणि २०१४ साली 'कॅप्चर एनएक्स-डी'च्या रूपाने ते नि:शुल्क केले. कंपनी कोणतीही असो, फाइलची रचना मात्र प्रसिद्ध केली जात नसे. तुमच्या संगणकावर त्या कंपनीचे सॉफ्टवेअर चालत नसेल, तर स्वत:च काढलेले छायाचित्र तुम्हाला उघडता येत नसे.

डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९७ साली 'डीसीरॉ' नावाची आज्ञावली लिहायला घेतली. कोणत्याही कॅमेऱ्याची कच्ची फाइल कोणत्याही संगणकावर वाचता यावी, एवढेच तिचे उद्दिष्ट होते. 'सी' भाषेतील एकच मूळ फाइल. खिडक्या नाहीत, कळा नाहीत, आज्ञा टंकून चालवायची. कंपन्या रचना सांगत नसल्याने कॉफिन यांनी एकेका कॅमेऱ्याच्या फाइली उलगडून तिचा अर्थ लावला. एकट्या माणसाने दोन दशके चालवलेल्या या कामातून शेकडो कॅमेऱ्यांचा जणू एक शब्दकोशच तयार झाला. त्याचा वापर मुक्त सॉफ्टवेअरपुरता राहिला नाही. अनेक सशुल्क सॉफ्टवेअरांनीही त्याचा आधार घेतला. पैसे मोजून घेतलेल्या कित्येक प्रणालींच्या पायात मुक्त आज्ञावलीचे दगड आहेत, ही गोष्ट तुलनेच्या तक्त्यांत सहसा येत नाही.

कुलूप आणि किल्ली

फोटोशॉपच्या दोन मूळ निर्मात्यांपैकी एक असलेल्या थॉमस नॉल यांनी कच्च्या फाइली थेट फोटोशॉपमध्ये उघडणारी जोडप्रणाली लिहिली आणि अ‍ॅडोबीने ती २००३ सालच्या आरंभी ९९ डॉलरांना विक्रीस आणली. त्याच वर्षी आलेल्या फोटोशॉपच्या नव्या आवृत्तीत ती अंगभूतच झाली. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी एकच वाचक, ही कल्पना बाजारात रुजली ती येथून.

२००५ साली एक वाद उपस्थित झाला. निकॉनच्या डी-२-एक्स या व्यावसायिक कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये श्वेतसंतुलनाची माहिती सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेली आढळली. पांढरा कागद पांढरा दिसावा यासाठी रंगांचे प्रमाण किती धरायचे, एवढीच ती माहिती. पण ती छायाचित्रकाराने स्वत: काढलेल्या चित्राविषयीची होती. कॉफिन यांनी आणि 'बिबल' या छोट्या सशुल्क सॉफ्टवेअरच्या एरिक हायमन यांनी ते कुलूप उघडले. अ‍ॅडोबीसारखी बलाढ्य कंपनी मात्र अडली, कारण १९९८ च्या अमेरिकन कायद्यानुसार असे कुलूप तोडणे हा गुन्हा ठरू शकला असता. थॉमस नॉल यांनी जाहीरपणे या प्रकाराविषयी तक्रार केली. निकॉनने विकासकांना आपली साधने पुरवण्याची तयारी दर्शवली, तथापि रचना खुली केली नाही. त्याच वर्षी छायाचित्रकारांनी 'ओपनरॉ' नावाने मोहीम उभारली. कच्च्या फाइलीची संपूर्ण रचना कंपन्यांनी प्रसिद्ध करावी, ही तिची मागणी होती.

अ‍ॅडोबीने त्याआधीच, सप्टेंबर २००४ मध्ये, 'डीएनजी' हे सर्वांसाठी खुल्या रचनेचे कच्चे स्वरूप प्रसिद्ध केले होते. लायका, पेंटॅक्स, रिको यांनी ते स्वीकारले. पुढे भ्रमणध्वनींच्या दुनियेत अँड्रॉइडने २०१४ साली आणि अ‍ॅपलने २०१६ साली कच्च्या चित्रांसाठी तेच घेतले. कॅनन, निकॉन आणि सोनी यांनी आपापल्या कॅमेऱ्यांसाठी आपापलीच स्वरूपे राखली. या प्रकरणाकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कुलूप घालणारी कंपनी व्यापारी होती, तशीच खुले स्वरूप प्रसिद्ध करणारीही व्यापारीच होती. पैसे घेणारा तो खलनायक आणि न घेणारा तो संत, अशी सरळ वाटणी येथे करता येत नाही.

विकत घेतलेले घर

ऑक्टोबर २००५ मध्ये अ‍ॅपलने 'अ‍ॅपर्चर' जाहीर केले. किंमत ४९९ डॉलर. हजारो छायाचित्रे साठवणे, निवडणे आणि संस्कारित करणे, सारे एकाच ठिकाणी. जानेवारी २००६ मध्ये अ‍ॅडोबीने 'लाइटरूम'ची चाचणी आवृत्ती सर्वांसाठी नि:शुल्क खुली केली आणि वर्षभर वापरणाऱ्यांच्या सूचना ऐकून फेब्रुवारी २००७ मध्ये पहिली आवृत्ती विक्रीस काढली. लाइटरूमची सूची 'एसक्यूलाइट' या सर्वस्वी सार्वजनिक मालकीच्या विदागारात साठवली जाते आणि त्याचा मोठा भाग ब्राझीलच्या विद्यापीठात जन्मलेल्या 'लुआ' या मुक्त भाषेत लिहिलेला आहे. पायात मुक्त दगड असण्याचे हे आणखी एक उदाहरण.

स्पर्धेचा ग्राहकाला लाभच झाला. अ‍ॅपर्चरची किंमत उतरत उतरत २०११ साली सुमारे ८० डॉलरांवर आली. लाइटरूमची चौथी आवृत्ती २०१२ साली १४९ डॉलरांना मिळू लागली. एकदा पैसे द्यायचे, वस्तू आपली. पुढची आवृत्ती नको असेल तर घेऊ नये. इतके सुटसुटीत नाते पुन्हा क्वचितच दिसले.

जून २०१४ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅपर्चरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. २०१५ च्या वसंतात ते विक्रीतून गेले आणि २०१९ साली आलेल्या मॅकच्या नव्या कार्यप्रणालीवर ते चालेनासे झाले. अ‍ॅपलच्याच 'फोटोज'मध्ये ग्रंथालय हलवता येत होते. अन्य सॉफ्टवेअरकडे जाणाऱ्यांच्या हाती मात्र मूळ फाइली आणि नोंदी तेवढ्या लागल्या. वर्षानुवर्षे बसून केलेले संस्कार त्यांच्या मूळ, पुन्हा बदलता येणाऱ्या रूपात सोबत नेता आले नाहीत. कंपनी बुडाली नव्हती. उलट ती जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक होती. तिला त्या वस्तूत रस उरला नव्हता, इतकेच.

छोट्या कंपन्यांची गत वेगळी नाही. बिबल २०१२ साली कोरेल कंपनीने विकत घेतले आणि त्याचे नाव 'आफ्टरशॉट' झाले. 'लाइटझोन' हे नावाजलेले सशुल्क सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २०११ मध्ये बंद पडली. पण तिच्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली पुढे मुक्त परवान्याखाली खुली करण्यात आली आणि स्वयंसेवकांनी ती चालू ठेवली. विकतचे घर ओस पडल्यावर गावाने ते धर्मशाळा म्हणून सांभाळावे, तसे हे झाले. असे भाग्य फार थोड्या सॉफ्टवेअरांना लाभते.

भाड्याचे घर

मे २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने आपली सॉफ्टवेअरे यापुढे केवळ वर्गणीवर मिळतील असे घोषित केले. लाइटरूमला तूर्त सूट होती. फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून दरमहा ९.९९ डॉलर, असा प्रस्ताव त्याच वर्षी आला. फोटोशॉपची मूळ किंमत शेकडो डॉलरांत असल्याने अनेकांना हा सौदा स्वस्त वाटला आणि त्या क्षणापुरता तो स्वस्त होताही. लाइटरूमची सहावी आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कळले की विकत मिळणारी ती शेवटची. त्या वर्षअखेरीनंतर बाजारात आलेले कॅमेरे तिला ओळखता येणार नव्हते. नोव्हेंबर २०१८ च्या शेवटी तिच्यातला नकाशांचा विभागही बंद पडला, कारण तो बाहेरच्या नकाशासेवेवर अवलंबून होता आणि त्या सेवेची किल्ली संपली होती. विकत घेतलेल्या घरातली एक खोली अशी बाहेरून कुलूपबंद झाली.

जानेवारी २०२५ पासून ९.९९ डॉलरांची ती योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली; साठवणुकीची अधिक जागा देणारी, दुप्पट दराची योजना त्यांच्यापुढे उरली. भाडे वाढवण्याचा अधिकार घरमालकाचा असतो, हे आपल्याला नवे नाही.

येथे न्याय्य बोलले पाहिजे. वर्गणी संपली तरी 'लाइटरूम क्लासिक'मध्ये चित्रे दिसतात आणि बाहेर काढता येतात. नवे संस्कार मात्र त्याच्या मुख्य विभागात करता येत नाहीत. जुन्या संस्कारांचे गणित बदलू नये म्हणून २००३ पासूनच्या प्रक्रियांच्या आवृत्त्याही अ‍ॅडोबीने सांभाळून ठेवल्या आहेत. शिवाय ज्या नियमिततेने नव्या कॅमेऱ्यांचे आणि भिंगांचे मापन करून त्यांच्या दोषांच्या दुरुस्त्या पुरवल्या जातात, त्यामागे पगारी माणसे असतात आणि पगार कुठून तरी यावा लागतो. डीएक्सओ या फ्रेंच कंपनीने २०२० साली आणि अ‍ॅडोबीने २०२३ साली यंत्रशिक्षणाच्या आधारे रवाळपणा घालवण्याच्या ज्या सोयी आणल्या, त्यांनी अंधारातील छायाचित्रणाच्या मर्यादा खरोखरच मागे सरकवल्या. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

फुकट ते पौष्टिक?

'फुकट ते पौष्टिक' असे आपण चेष्टेने म्हणतो. कच्च्या छायाचित्रांच्या बाबतीत ही चेष्टा अनेकांना महागात पडली आहे.

कोपनहेगनच्या पिक्समँटेक कंपनीने २००५ साली 'रॉशूटर'ची नि:शुल्क आवृत्ती दिली. ती वेगवान होती, रंग सुरेख देई आणि पाहता पाहता लोकप्रिय झाली. जून २००६ मध्ये अ‍ॅडोबीने ती कंपनीच विकत घेतली. सशुल्क आवृत्ती घेतलेल्यांना लाइटरूम नि:शुल्क मिळाले. फुकट आवृत्ती वापरणाऱ्यांना अर्थातच काही देणे लागत नव्हते. रॉशूटर संपले आणि त्यातल्या काही कल्पना लाइटरूममध्ये जाऊन राहिल्या.

'निक' संग्रहाची कथाही तशीच बोलकी आहे. संस्कारांच्या या साधनांची निर्माती कंपनी गूगलने २०१२ साली घेतली. मार्च २०१६ मध्ये सारा संग्रह फुकट करण्यात आला आणि छायाचित्रकारांत आनंदीआनंद झाला. मे २०१७ मध्ये यापुढे सुधारणा होणार नाहीत असे गूगलने सांगितले. त्याच वर्षी डीएक्सओने तो संग्रह घेतला आणि २०१८ पासून तो पुन्हा सशुल्क झाला. 'कॅप्चर वन'ची ठरावीक कॅमेऱ्यांसाठीची 'एक्सप्रेस' आवृत्तीही अशीच अनेक वर्षे फुकट होती; २०२४ च्या आरंभी तीही बंद करण्यात आली.

फुकट देणाऱ्याचा येथे काही अपराध नाही. त्याने वचनच दिले नव्हते. फुकट वस्तूत ग्राहक हा ग्राहकही नसतो. तो पाहुणा असतो. यजमानाचे मन बदलले की पाहुण्याने निघावे हे ओघानेच आले.

मुक्त

मुक्त सॉफ्टवेअरची वाट याहून निराळी आणि बरीच खडबडीत आहे. डीसीरॉच्या आधारावर उदी फ्युक्स यांनी 'यूएफरॉ' रचले. ग्नू-लिनक्स वापरणाऱ्या छायाचित्रकारांची पहिली काही वर्षे त्यावरच निघाली. गाबोर होर्वाथ यांचे 'रॉथेरपी' आरंभी फुकट होते, पण मुक्त नव्हते. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी त्याची मूळ आज्ञावली ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली खुली केली आणि पुढे अनेक हातांनी ते वाढवले. फुकटातून मुक्तात आल्याने एका सॉफ्टवेअरचे आयुष्य कसे वाढले, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. २००९ साली योहानेस हानिका यांनी 'डार्कटेबल' आरंभिले. डार्करूम आणि निगेटिव्ह पाहण्याचे प्रकाशित मेज, या दोन्हींच्या इंग्रजी नावांचा तो जोड. विंडोज वापरणाऱ्यांना मात्र त्यासाठी डिसेंबर २०१७ पर्यंत थांबावे लागले.

या वाटेवरील काचही नीट पाहिला पाहिजे. कॅननने २०१८ साली एम-५० या कॅमेऱ्यासोबत 'सीआर-३' हे नवे कच्चे स्वरूप आणले. अ‍ॅडोबीच्या ग्राहकांना त्याच वर्षी त्या फाइली उघडता आल्या. डार्कटेबलमध्ये ती सोय आली डिसेंबर २०२१ च्या आवृत्तीत. साडेतीन वर्षे! रचना उलगडणे, पेटंटच्या शंका निस्तरणे, हे सारे स्वयंसेवकांनी आपल्या फावल्या वेळात केले. ज्याने २०१८ साली तो कॅमेरा घेऊन लग्नसराईतली कामे स्वीकारली असतील, त्याला 'थोडे थांबा' हे उत्तर परवडणारे नव्हते.

मुक्त प्रकल्पही थकतात. यूएफरॉची अखेरची आवृत्ती २०१५ ची. डीसीरॉची २०१८ ची. पण तोवर डीसीरॉच्या आज्ञावलीवरून 'लिबरॉ' हे ग्रंथालय २००८ पासूनच आकाराला आले होते. कॉफिन थांबले आणि काम चालू राहिले. अ‍ॅपर्चर थांबल्यावर मात्र त्याच्या आतील गणित जगापुढे आले नाही. दोन्ही प्रसंगी एका सॉफ्टवेअरचा विकास संपला. फरक मागे काय उरले यात आहे.

आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट. मुक्त सॉफ्टवेअर घेतले की संस्कार सर्वत्र वाचता येतील असे नव्हे. डार्कटेबलच्या सूचना लाइटरूमला समजत नाहीत, रॉथेरपीच्या डार्कटेबलला समजत नाहीत. खासगी भाषेची अडचण येथेही आहेच. मात्र त्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध आहे. डार्कटेबलमध्ये जुनी पडलेली साधने नव्या कामासाठी दिसेनाशी करतात, पण जुने चित्र उघडताना ती चालावीत म्हणून आज्ञावलीत ठेवतात. उद्या तो प्रकल्प थांबला, तरी आजच्या आवृत्तीची मूळ आज्ञावली कुणालाही जतन करता येईल आणि पुन्हा उभी करता येईल. हा अधिकार किमतीत मोजता येत नाही, म्हणून तुलनेच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो.

मग निवड कशी करावी?

या इतिहासावरून मला एवढे दिसते की किंमत हा निवडीचा पहिला निकष असू नये. पहिला प्रश्न हा असावा : हे संस्कार मला पुन्हा केव्हा लागणार आहेत?

ज्याचे काम आठवड्याभरात ग्राहकाच्या हाती जाते आणि तेथेच संपते, त्याने वेग आणि नव्या कॅमेऱ्याची ओळख यांना महत्त्व द्यावे. त्याच्यासाठी भाड्याचे सॉफ्टवेअर हा धंद्याचा खर्च आहे, दुकानाच्या भाड्यासारखाच. दरमहा वाचणारे तास वर्गणीहून मोलाचे असतील तर व्यवहार चोख आहे. वर्गणी थांबली तर तयार चित्रे त्याच्यापाशी असतातच.

ज्याचे काम संग्रहाचे आहे, म्हणजे घराण्याची छायाचित्रे, एखाद्या गावाचे, नदीचे, देवळाचे वर्षानुवर्षे केलेले चित्रण, त्याच्यासाठी हिशेब उलटा आहे. वीस वर्षांनी त्याच चित्राकडे परतून त्यातला एक अंधारलेला कोपरा उजळावासा वाटेल. तेव्हा आजचे संस्कार उघडणे आवश्यक ठरेल. अशा माणसाने मुक्त सॉफ्टवेअर शिकण्याचे कष्ट घ्यावेत असे मी म्हणेन आणि ते कष्ट थोडे नाहीत हेही सांगेन. डार्कटेबल पहिल्या दिवशी कुणालाही आपलेसे करत नाही.

जो विद्यार्थी आहे, ज्याचे सारे पैसे कॅमेऱ्यातच संपले आहेत, त्याला मुक्त आणि फुकट दोन्ही सारखेच परवडतात. त्याने या दोहोंतून निवड करताना परवाना वाचावा. महिन्याकाठी काही लागत नाही एवढ्यावर समाधान मानून यजमानाच्या घरी दहा वर्षांचे काम रचू नये.

मार्ग कोणताही घेतला तरी दोन सवयी सर्वांच्या हिताच्या आहेत. कच्ची मूळ फाइल कधीही टाकू नये, कारण सॉफ्टवेअर बदलले तरी नवे वाचन तिच्यावरूनच होणार आहे. दुसरे, जे चित्र मनासारखे उतरले ते टिफसारख्या सर्वमान्य स्वरूपातही वेगळे काढून ठेवावे. संस्कारांच्या सूचना गेल्या तरी संस्कारित चित्र तरी हाती राहील. अ‍ॅपर्चर बंद पडले तेव्हा ज्यांनी हे केले होते त्यांचे नुकसान कमी झाले.

कॉफिन यांची ती 'सी' भाषेतील एकुलती एक फाइल आजही उपलब्ध आहे. तिच्यात विसाव्या शतकाच्या अखेरीच्या, कधीच मोडीत गेलेल्या कॅमेऱ्यांच्या फाइली वाचण्याची रीत लिहिलेली आहे. त्या काळातील कुणाची एखादी कच्ची फाइल जुन्या तबकडीवर आज सापडली, तर ती बनवणाऱ्या कंपनीला न विचारता ती उघडता येण्याची शक्यता बरीच मोठी आहे. निवडीचा प्रश्न पुढच्या वेळी कुणी विचारला, तर सुविधांच्या तक्त्यासोबत एवढी माहितीही त्याला द्यावी.